गोदेची अडलेली वाट

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसतो आणि साधू-साध्वींचा विहार थांबतो. पावसाळ्यात वाटा पाण्याखाली जातात, जमिनीवर अंकुर फुटतात, असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. अशा दिवसांत चालणे म्हणजे पावलागणिक हिंसा, हे त्यामागचे कारण जैन घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. त्या मानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ‘ईर्या’ म्हणजे चालण्याच्या नियमांच्या जोडीलाच नावेत बसण्याचेही नियम दिलेले आहेत. नाव साधूसाठी मुद्दाम विकत वा भाड्याने घेतलेली नसावी, येथपर्यंत त्यांत बारकाई आहे. पाण्यावरही वाट असते आणि त्या वाटेनेही पाहून जावे लागते, हे शास्त्रकारांनी गृहीत धरलेले होते.

नाशिककरांना पाण्यावरच्या वाटेची आठवण वर्षातून एकदा होते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर पाऊस कोसळू लागला, गंगापूर धरणाचे दरवाजे उचलले गेले, की शहरातील सगळ्यांच्या नजरा रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे वळतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, हीच पुराची परंपरागत मोजपट्टी. दुसरी मोजपट्टी सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. सराफ बाजार आणि भांडी बाजार यांची पेढ्या-दुकाने नदीला इतकी लागून आहेत की, कितव्या पायरीला पाणी लागले हे ऐकूनच व्यापारी माल खालच्या फळीवरून वर घेतो, नंतर माळ्यावर नेतो आणि शेवटी चोपड्या व रोकड बगलेत घेऊन स्वतः बाहेर पडतो. १९६९ च्या पुराच्या गोष्टी जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. १९ सप्टेंबर २००८ चा पूर तर आज चाळिशीत असलेल्यांनीही डोळ्यांनी पाहिलेला आहे. नारोशंकराच्या मंदिरातील वसईच्या विजयाची ती मोठी घंटाही पुराच्या बोलण्यात हटकून येते.

पाणी उतरले की दोन दिवस चिखल काढण्यात जातात. शटर धुतले जातात, भिजलेला माल वेगळा होतो, विम्याचे कागद भरले जातात आणि बाजार पुन्हा सुरू होतो. नाशिकपुरता पूर संपलेला असतो. परंतु ते पाणी नाहीसे झालेले नसते. ते पूर्वेकडे गेलेले असते, आणि जाताना एकटे गेलेले नसते.

या पाण्याचा आकडा एकदा समजून घेण्याजोगा आहे. वर्तमानपत्रात रोज छापला जाणारा एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. गंगापूर धरणाची साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे साडेपाच टीएमसीहून थोडी अधिक. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून खाली जाणारे पाणी दोन लाख क्युसेकच्या वर गेले होते. दोन लाखांचाच हिशेब धरला, तरी एक टीएमसी पाणी ८३ मिनिटांत निघून जाते आणि अख्ख्या गंगापूर धरणाएवढे पाणी आठ तासांच्या आत. एकट्या गंगापूरचे पाणी एवढे नसते, हे उघड आहे. इगतपुरीकडून येणारी, १९१६ साली बांधून झालेल्या दारणा धरणाखालची दारणा नदी गोदावरीला मिळते, आणि कादवा नदी नांदूरमध्यमेश्वरला येऊन मिळते. तीन नद्यांचे पाणी निफाड तालुक्याच्या सपाट काळ्या रानात एकत्र येते. सपाट रानात आलेले पाणी पुढे धावत नाही, ते पसरते.

या पसरणाऱ्या पाण्याच्या तोंडावर चांदोरी आणि सायखेडा ही दोन गावे आहेत. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने पंचविसेक किलोमीटर गेले की चांदोरी येते, आणि गोदावरीवरचा पूल ओलांडला की सायखेडा. सायखेड्याची बाजारपेठ जुनी. कांदा, धान्य, किराणा, कापड, शेतीची औषधे, सगळ्यांची दुकाने नदीच्या अंगाला. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये ही पेठ पाण्यात गेली. दोन्ही वेळा लोकांच्या बोलण्यात पावसाइतकाच पुलाचा उल्लेख होता. पूल पडला नाही, पूल तुंबला.

त्याला तुंबवणारी वस्तू हाताने सहज उचलता येईल अशी हलकी असते. पाणवेल, म्हणजे जलपर्णी, ही मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या हौसेने एकोणिसाव्या शतकात ती भारतात आली. फुगीर देठ, तकतकीत पान, वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. तिला मातीची गरज नाही. पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद तिला पुरते, आणि ते शहरांच्या सांडपाण्यातून तिला बारा महिने मिळत राहते. अनुकूल हवेत तिचे क्षेत्र सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते.

व्यापारी घरांना चक्रवाढ व्याज समजावून सांगावे लागत नाही. चैत्रात नदीच्या एखाद्या डोहात एक गुंठा पाणवेल आहे असे धरू. दोन आठवड्यांनी ती दोन गुंठे होईल, महिन्याने चार, आणि बारा आठवड्यांनी, म्हणजे आषाढात नदीला पहिले मोठे पाणी येईपर्यंत, ६४ गुंठे. एक एकर चोवीस गुंठे! चैत्रात दोन माणसांनी एका सकाळी काढता आली असती ती वेल आषाढात यंत्रालाही आवरत नाही. प्रत्यक्षात नदीत असे डोह एक नाही, पुष्कळ आहेत, आणि बी गाळात पडून अनेक वर्षे जिवंत राहते.

पूर येतो तो या सगळ्या गाद्या एकाच रात्रीत सोडवून खाली नेतो. वाटेत त्यांत उन्मळलेल्या बाभळी, बांबूची बेटे, ऊस, प्लॅस्टिकचे पाइप, थर्माकोल, देवाला वाहिलेल्या निर्माल्याच्या पिशव्या, मेलेली जनावरे असे काय काय गुंतत जाते. सायखेड्याच्या पुलाच्या खांबांना पहिले झाड आडवे लागले की त्यावर वेल थांबते, वेलीवर वेल चढते, आणि पुलाच्या मोऱ्या एकेक करून बंद होतात. नदीला मग पुलाखालची वाट उरत नाही. ती गावातून वाट काढते. खणण्याची यंत्रे पुलावर उभी करून लांब दांड्यांनी ही वेल उपसण्याचे काम त्या दिवसांत चालते, ते पाहणाऱ्याला एक गोष्ट लक्षात आल्याशिवाय राहत नाही: वादळाने नदीची वाट अडवली असे आपण म्हणतो, पण वादळाने फक्त वाहतूक केली. माल आधीच तयार होता.

अशाच एका श्रावणात, पुराचे पाणी उतरू लागल्याच्या चौथ्या दिवशी, सायखेड्याच्या खालच्या अंगाला एक लांबट लाकडी नाव कडब्याने भरली जात होती. नदीकाठच्या एका मळ्यातल्या वस्तीवर बारा गुरे अडकली होती. माणसे सुखरूप होती, त्यांना धान्य पोहोचले होते. पण ओढ्यावरची फरशी वाहून गेली होती आणि गाडीवाट कमरेएवढ्या गाळात होती. हिरवा चारा पाण्याखाली जाऊन कुजला होता. गुरांनी दोन दिवस छपराचा जुना पाला खाल्ला होता. कडबा पेठेतल्या एका ओसवाल आडत्याने दिला होता आणि तो स्वतः बरोबर निघाला होता, कारण नुसता कडबा देऊन घरी बसणे त्याला बरे वाटेना. त्याला चौविहार होता. सूर्यास्तापूर्वी परत येऊन पाणी घेणे आवश्यक होते. निघायलाच दुपारचा एक वाजला होता.

नावाडी साठीकडे झुकलेला, सगळे त्याला तात्या म्हणत. दुसरा त्याचा पुतण्या. मळ्याचा मालक पुढच्या टोकाला बसला होता. इंजिन लावलेली एक नाव काठाला बांधलेली होती, ती घ्यावी असे आडत्याने सुचवले. तात्याने नुसता हात हलवला.

“शेठ, पंखा दोन मिनिटांत वेलीत अडकंल. मंग मधीच थांबून काय करायचं? बांबूच बरा.”

इंजिनाच्या पंख्याला वेल गुंडाळली जाते ही अडचण केवळ गोदावरीची नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी खोदलेल्या अरुंद कालव्यांवर आजही हौशी लोक लांबट, चिंचोळ्या नावा चालवतात. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या, १७७७ साली पूर्ण झालेल्या कालव्यावरील पाणपेट्या सात फुटांच्या ठेवल्या. त्यामुळे नाव सात फुटांहून रुंद असू शकत नाही. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. तिकडेही वादळानंतर झाडे कालव्यात आडवी पडतात, वाहतूक दिवसचे दिवस थांबते, आणि पंख्यात अडकलेला पाला-चिंध्या काढता याव्यात म्हणून नावेच्या तळाशी, पंख्याच्या बरोबर वर, एक झाकण ठेवलेले असते. नावाडी इंजिन बंद करून त्यातून हात घालतो आणि सुरीने गुंता कापतो. तिथली नदी बांधलेली, पाणी जवळजवळ स्थिर, खोली ठाऊक. गोदावरीच्या पुराच्या पाण्यात यांतले एकही सुख नसते.

नाव काठाकाठाने निघाली. मुख्य धारेत अजून ओढ होती. पाण्याचा रंग दाट चहासारखा, आणि त्यावर फेसाच्या लांब रेघा. तात्या त्या रेघांकडे पाहत होता. फेसाची रेघ सरळ जाते तिथे खाली काही नसते. ती वाकते तिथे खाली काहीतरी उभे असते. निफाडच्या रानात हे ‘काहीतरी’ बहुधा द्राक्षबाग असते. पाण्याखाली गेलेल्या बागेचे लोखंडी अँगल आणि त्यांवर ताणलेल्या तारा वरून दिसत नाहीत. नावेचा तळ तारेवर घासला तर नाव थांबते; तार कडेला अडकली तर नाव कलंडते. शेताची काटेरी कुंपणे, विहिरीचे कठडे, पुराआधी घाईत सोडून दिलेल्या मोटारींच्या केबली, हे सगळे त्या चहाच्या रंगाखाली आपापल्या जागी असते. पुढे बसलेला पुतण्या बांबूने पाणी चाचपत होता. बांबू खाली, टेकला, वर. बांबू खाली, टेकला, वर. एवढी एकाग्रता ज्या क्रियेत आहे तिला ईर्यासमितीशिवाय दुसरे नाव आडत्याला सुचेना, आणि तो ते बोललाही. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, असे महाराजसाहेब व्याख्यानात सांगतात, तेच इथे बांबू करीत होता.

“आम्हाला नेम नाय शेठ,” तात्या म्हणाला. “नाव फुटली तर दुसरी कोण देणार?”

एक तासाने पात्र रुंद झाले. येथून पुढे नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा बंधारा गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांना पाणी देतो, आणि ते कालवे कोपरगाव-राहात्याच्या उसापर्यंत जातात. कालवे म्हटले तरी त्यांत नाव कधी चालावी अशी योजना नव्हती. गोदावरीवर मालाच्या नावा चालवण्याचे मोठे स्वप्न पाहिले गेले ते इथून पुष्कळ खाली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा आणि गोदावरी या नद्यांतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, असा आग्रह सर आर्थर कॉटन यांनी धरला होता. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि पाणपेट्या बांधण्याचे काम काही वर्षे चालले, आणि १८७१ साली ते सोडून देण्यात आले. तोपर्यंत थळ घाटातून लोहमार्ग वर चढून आला होता आणि कापूस मुंबईकडे वळला होता. व्यापाराने पाण्याची वाट सोडली ती अशी. नदीकडे पाहण्याचे व्यापाऱ्याला कारण उरले नाही, एवढा तरी त्याचा परिणाम झालाच.

बंधाऱ्यानंतरच्या शंभर वर्षांत दुसरेच काही घडले. तिन्ही नद्यांनी आणलेला गाळ फुगवट्यात बसत गेला. पाणी साठवण्याची जागा घटली, पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने सरळ तोटा झाला. पण त्या गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणगवत आले, उथळ पाण्यात शिंपले-कीटक वाढले आणि पक्षी उतरू लागले. हिवाळ्यात येथे रोहित, चक्रवाक, चमचे, नाना तऱ्हेची बदके असतात. १९८६ साली हे अभयारण्य झाले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव त्याला पडले. आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. पाटबंधाऱ्याच्या खात्यात नावे पडलेली रक्कम पक्ष्यांच्या खात्यात जमा झाली, असे म्हणायला हरकत नाही.

या फुगवट्याच्या तोंडाशीच नावेची वाट बंद झाली. डाव्या हाताला उंचवटा आणि उजव्या हाताला बुडालेल्या बाभळींची रांग; मधल्या वीस-बावीस हातांच्या जागेत पाणवेलीची सलग गादी येऊन बसली होती. वरून पाहिले तर हिरवे शेत. तिच्यावर एक बगळा खुशाल चालत होता. वस्तीचे पत्र्याचे छप्पर पलीकडे दिसत होते, गुरांचे हंबरणेही ऐकू येत होते.

पाणवेलीने अडलेल्या नावेचा हा देखावा बंगालमध्ये एके काळी नित्याचा होता. तिकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत या वेलीने नद्या, खाड्या, भातशेते भरून टाकली. तागाची आणि भाताची सगळी वाहतूक नावांतून, आणि नावा जागच्या जागी. राजस्थानातून पूर्व बंगालच्या पेठांत जाऊन तागाच्या व्यापारात शिरलेली ओसवाल घराणी थोडी नव्हती. ताग नावेत कुजणे म्हणजे काय, हे त्यांच्या जुन्या पिढ्यांना कुणी सांगावे लागले नसेल. शेवटी १९३६ साली बंगाल सरकारला या एका वेलीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि आपल्या जागेतील वेल काढणे जमीनधारकांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे जो तो वेल खालच्या गावाकडे सरकवतो. पूर हे काम फुकट करतो.

पुतण्याने कोयता काढला. गादी कापत नाव घुसवायची, अर्धा तास लागेल, असा त्याचा हिशेब होता. तो पहिला घाव घालणार इतक्यात गादीच्या मधोमध काहीतरी फडफडले. लांब, बाकदार शेपटीचा, मानेवर सोनेरी डाग असलेला एक पक्षी दोन पावले पळाला, थांबला, परत फिरला आणि म्यावल्यासारखा ओरडू लागला.

“कमळपक्षी,” मळ्याचा मालक म्हणाला. “अंडी असतील.”

अंडी होती. पाल्याच्या चार काड्यांवर, जवळजवळ पाण्यातच, तांब्याच्या भांड्यासारखी चकचकीत चार अंडी. कमळपक्षी पावसाळ्यातच घरटे करतो, ते तरंगत्या पाल्यावरच करतो, आणि अंडी नर उबवतो. पाणी चढले की घरटे गादीबरोबर चढते, उतरले की उतरते. गावाला बुडवणारी वेल त्याच्या पिलांची जमीन असते. एवढेच नव्हे, गादीच्या कडेला पाहिले तेव्हा लहान बेडूक, गोगलगायी, पाणकिडे, आणि मुळ्यांत गुंडाळून पडलेला एक दिवड साप, अशी सगळी वस्ती त्या वीस हातांत होती. इरियावहिय सूत्र म्हणताना बी, हरित, दव, शेवाळ, पाणी, माती, कोळ्याचे जाळे अशी जी यादी रोज तोंडातून जाते, ती त्या दुपारी आडत्याच्या समोर एकत्र तरंगत होती. पलीकडे बारा गुरे हंबरत होती.

दुसरी वाट होती. बाभळींच्या मागून, बुडालेल्या द्राक्षबागेवरून. तिकडे जायला एक तास अधिक, आणि तारा.

आडत्याने घड्याळ पाहिले. तो काही बोलला नाही. बोलणे त्याचे कामही नव्हते. नाव तात्याची होती, गुरे मालकाची होती. पण कोयता थांबला होता आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते, कारण कडबा त्याचा होता. शेवटी त्याने विचारले,

“तात्या, न कापता सरकंल का?”

तात्याने गादीकडे नीट पाहिले. वाऱ्याची दिशा पाहिली. मग त्याने नाव मागे घ्यायला लावली, उंचवट्याच्या बाजूने गादीचा काठ शोधला, आणि दोन बांबू गादीखाली घालून तिघांना दाबायला सांगितले. पाणवेलीची गादी म्हणजे एकजीव जमीन नव्हे; वेली एकमेकींना आडव्या देठांनी धरून असतात. जोर लावून वर उचलले की सांधा सुटतो. पहिला सांधा सुटायला पंधरा मिनिटे लागली. आडत्याचा सदरा चिखलाने भरला. दुसरा लवकर सुटला. मग घरटे असलेला मोठा तुकडा, एखाद्या दाराच्या फळीसारखा, एका बाजूला अडकलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा, हळूहळू फिरू लागला. पक्षी त्यावर ओरडत उभाच होता. नावेपुरती फट झाली तसा तात्याने तुकड्याचा मोकळा कोपरा एका बाभळीला सुंभाने बांधून टाकला, म्हणजे तो धारेला लागून पुलाकडे... नव्हे, बंधाऱ्याकडे वाहून जाऊ नये. आडत्याने सुंभाची गाठ दोनदा ओढून पाहिली.

हे सगळे करून काही जीव मेले नसतील असे नाही. सांधे सुटताना मुळ्या तुटल्या, गोगलगायी खाली पडल्या, दिवड पाण्यात उतरून गेला. यतना म्हणजे हिंसा शून्य होणे नव्हे, हे गृहस्थाला पदोपदी कळते. तरी कोयत्याने अर्ध्या तासात जे झाले असते आणि बांबूने पाऊण तासात जे झाले, त्यांत फरक आहे, आणि पंधरा मिनिटांचा हा जास्तीचा खर्च आडत्याला जड वाटला नाही. खरा प्रश्न त्याला निराळाच पडला, आणि तो त्याने परतीच्या वाटेवर मालकाशी काढला: ही वेल चैत्रात का काढत नाहीत? तेव्हा तिच्यावर घरटे नसते, पाणी संथ असते, आणि ती एक गुंठाच असते. श्रावणात काढली तर पक्षी मरतो, न काढली तर गाव बुडते. दोन्ही हिंसा टाळण्याचा महिना वर्षात येतो आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना निघून जातो. नाशिकच्या पेठेत चातुर्मासात जीवदयेच्या पावत्या फाडल्या जातात, पांजरापोळेला चारा जातो. तशी चैत्रातली एक सकाळ सायखेड्याच्या वरच्या डोहांना मिळाली तर किती खर्च येईल, याचा हिशेब तो बोटांवर करू लागला. मालकाने हसून सांगितले की, वेल काढायची तर आधी तिचे खाणे बंद करायला हवे, आणि ते खाणे वरून येते. “तुमच्या नाशकातून,” असे तो म्हणाला. आडता सायखेड्याचा होता, पण त्याची सोयरीक सगळी सराफ बाजारात. त्याने बोटे मिटली.

पण ते परतीचे झाले. आधी वस्ती गाठली गेली. नाव गोठ्याच्या कट्ट्यापर्यंतच गेली, कारण अंगणात अजून दीड हात पाणी होते. गुरांनी कडब्याचा वास आधीच ओळखला होता. पहिली पेंढी उतरायच्या आत एका कालवडीने नावेतूनच तोंड घातले आणि नाव हलली. मालकाच्या म्हाताऱ्या आईने सगळ्यांना चहा विचारला. आडत्याने चहा नाकारून उकळून गार केलेले पाणी आहे का विचारले, तेव्हा ती म्हणाली, “पाण्याचीच तर चूल चार दिस पेटती ठेवलीय बाबा.” पुराच्या गावात सगळेच पाणी उकळून पितात.

भिंतीवर, खिडकीच्या वर, ओलीची रेघ होती. तिच्या वर एक हात आणखी एक जुनी, फिकट रेघ. ती २०१९ ची, असे मालकाने दाखवले.

नाव निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते. रिकामी नाव हलकी, पण धारेच्या विरुद्ध. म्हणून तात्याने काठ सोडला नाही. फटीशी आल्यावर सगळ्यांनी बाभळीकडे पाहिले. गाठ होती. तुकडा होता. पक्षी अंड्यांवर बसला होता आणि या वेळी तो ओरडला नाही. पुढे, येताना बांबूला जिथे तार लागली होती, तिथे तात्याने नाव थांबवली, पुतण्याकडून एक उभी काठी गाळात रोवून घेतली आणि तिच्या टोकाला बांधायला काही सापडेना तेव्हा आडत्याने खांद्यावरचा पंचा दिला.

“उद्या दुसऱ्या कोणाची नाव येईल,” तात्या म्हणाला.

सायखेड्याच्या पुलावर यंत्र अजून वेल उपसत होते. सूर्य मावळायला वीस मिनिटे होती.